अप्पा, तुमच्या अकरा म्हाताऱ्या काळ्या पडल्यात

अप्पा,

तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला सांगितलं, नाम्या, तूच लिही अप्पांवर. आता वाचणारे रुमाल काढून बसले आसतील. 'काळानं झडप घातली', 'न भरून निघणारी पोकळी', 'ज्ञानाचा दीपस्तंभ' आसलं काहीतरी येणार म्हणून. ठिवा म्हणावं तो रुमाल खिशात. धारूरच्या डोंगरावर दीपस्तंभ कुणाला लागतोय? घाटात फसलेल्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला? आन् पोकळीचं तर नावच काढू नका. तुमच्या क्लासच्या खोलीत पाय ठिवायला जागा न्हाई. अकरा कॉम्प्युटर दाटीवाटीनं बसलेत आन् अकराच्या अकरा माझ्याकडं काळं तोंड करून बघायलेत.

मला तुमचा राग आलाय, अप्पा. खरा राग. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मग गेलेल्या माणसानं बी जायच्या आधी नीट सांगून जावं की, पडदा काळा पडल्यावर काय करायचं ते.

तुमाला सगळं ठाऊकच हाय, पण वाचणाऱ्याला सांगावं लागतं. धारूरात बाजाराच्या रस्त्याला तुमचं घर. पुढची खोली क्लासची, मागं सैपाकघर, मधी एक दार आन् त्या दाराला फुलाफुलाचा पडदा. आधी ह्या खोलीत टायपिंगच्या मशीनी होत्या. खटखट खटखट, गल्लीत कुणाला दुपारची झोप न्हाई. मग परीक्षा कॉम्प्युटरवर गेली आन् तुमच्या वयाच्या माणसांनी आपापल्या पाट्या उतरवल्या. तुमी उलटं केलं. बीडला जाऊन कुठल्याशा कॉलेजानं टाकून दिलेले अकरा डबे टेम्पोत घालून आणले. तुमच्या भावकीत कुणाचा किराणा, कुणाचं कापड. ते हसले, "अप्पा, आपण वाण्यामाणसांनी माल विकावा, भंगार गोळा करू नये."

तुमी म्हणलात, "भंगार न्हाई हो. म्हाताऱ्या हायेत. ह्यांना हलकं खायला घालावं लागतंय."

हलकं म्हणजे लिनक्स. विंडोज त्या डब्यांना पचतच न्हवतं. पंखा घुर्र करायचा आन् पडदा अर्ध्या तासानं डोळे उघडायचा. तुमी लिनक्सची एक हलकी जात कुठूनतरी सीडीवर मिळवली, एकेकीला पाजली आन् म्हाताऱ्या टुणकन उठून बसल्या. तवापासून मशीनला तुमी मशीन कवाच म्हणला न्हाईत. एक नंबरची म्हातारी, सात नंबरची म्हातारी. "आज चार नंबरच्या म्हातारीला बरं न्हाई." काकू आतून वराडायच्या, "मला धरून बारा म्हणा!"

मी आलतो निस्ती मिनिटाला तीस शब्दांची टायपिंगची परीक्षा द्यायला. परीक्षा झाली, पास झालो, आन् तिथंच ऱ्हायलो. सकाळची बॅच तुमी माझ्या गळ्यात घातली. आडसच्या, तेलगावच्या पोरी यष्टीनं यायच्या, दारात चपला काढायच्या आन् एका रांगेत बसून टायपायच्या. चपलांचा तुमचा कायदा लई कडक. माती आत आली की म्हाताऱ्यांना दमा होतोय म्हणायचे. एकदा एक पुढारी आलते सत्कार करायला, त्यांना बी तुमी दारात आडवलं. "चपला बाहेर, साहेब." बिचारे हार हातात घेऊन मोज्यावर आत आले.

तर राग कशाचा, ते सांगतो. म्हातारीचा पडदा काळा पडला की तुमी यायचे, माझ्या खांद्यावर दोन बोटं ठिवायचे आन् म्हणायचे, "सरक." मी सरकायचो. तुमी खुर्चीत बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, खाकरायचे, बोटांनी काहीतरी बडवायचे, तोंडानं बडबडायचे. दहा मिनिटांत पडदा उजळायचा. मग मान वळवून आत वराडायचे, "अगं, च्या टाक! उजाडलं!" आतून भांड्याचा आवाज यायचा. झालं शिक्षण.

मी किती डाव म्हणलो तुमाला, "अप्पा, एक वही करा. कुठली बटनं, कुठले आकडे, सगळं लिहून ठिवा."

"लिहून ठिवलं की डोस्कं मोकळं होतंय."

"माझं मोकळंच हाय, म्हणून तर म्हणायलोय."

"मग भर की. बघ आन् भर."

हे भांडण आपलं कवाच मिटलं न्हाई. तुमी म्हणायचे, माणसाला यायला पाहिजे. मी म्हणायचो, माणूस गेला तर? तुमी म्हणायचे, "मी कुठं चाललोय?" घ्या आता.

तुमच्या खुर्चीत मी आयुष्यात एकदाच बसलो होतो. खंडेनवमी होती. घरोघरी लोक विळ्याकोयत्यांची पूजा करायचे आन् तुमी अकरा म्हाताऱ्यांना ओळीनं विभूती लावायचे, डब्याच्या कपाळावर तीन आडव्या बोटांनी. त्या वर्षी विभूती जरा जास्त झाली आन् चार नंबरच्या पंख्यात गेली. ती तीन दिवस शिंकल्यागत करत होती. तुमी म्हणलात, "भक्ती आत उतरलीय तिच्या." तुमी पूजेचं ताट ठिवायला आत गेलते, तवा पोरींनी मला धरलं, "सर, अप्पा करून दाखवा ना." मी काय, मला निस्तं बोट दाखवायचं. गणपतीत मी कंडक्टरची नक्कल करतो, सरपंच करतो, लग्नात रुसलेला जावई करतो. बसलो तुमच्या खुर्चीत, चष्मा कपाळावर, खाकरलो आन् सुरू झालो. "घाबरू नगं. काळा पडदा म्हंजे मेली न्हाई, रुसलीय." पोरी लोळायल्या. तुमी ते आकडे पुटपुटायचे ना, ते मी नाकातून म्हणायला लागलो, जंगमस्वामी मंत्र म्हणतेत तसे, मान डोलवत. आन् एकाएकी सगळ्या गपगार.

तुमी पडदा धरून दारात उभे.

शाळेत हेडमास्तरांची नक्कल केलती तवा त्यांनी दुसऱ्याच वाक्याला छडी मारलती. मला वाटलं, आता टायपिंगबी गेलं आन् इज्जतबी. तुमी म्हणलात, "थांबलास कावून? पुरं कर." मी घाबरत घाबरत शेवटपर्यंत केलं. तुमी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणलात, "बरोबर हाय. निस्तं खाकरणं चुकलंय." आन् पडदा सोडून परत आत गेले. माझी नक्कल शेवटपर्यंत ऐकणारे, आन् ती बी स्वतःची, तुमी पहिले. त्याचे आभार मी कवा मानलेच न्हाईत. आता मानतो, पण राग तसाच हाय.

आता माझं पाप सांगतो. तुमाला सांगायचं राहूनच गेलं ते.

पडद्याच्या कोपऱ्यात लाल टिकली यायची, नवा माल आलाय, अपडेट करा म्हणून. ती टिकली बघितली की माझी बोटं खाजायची. तुमी म्हणायचे, "जे चालतंय त्याला हात लावायचा न्हाई." मी म्हणायचो, "अप्पा, जग पुढं गेलंय." तुमी म्हणायचे, "जाऊ दे की. आपल्या म्हाताऱ्यांना कुठं पळायचंय?" मग तुमच्या छातीत दुखायला लागलं आन् काकूंनी तुमाला आंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. क्लासला सुट्टी. मी एकटा आन् अकरा लाल टिकल्या. मला वाटलं, अप्पा परत येतील तवर म्हाताऱ्यांना नवरीवाणी सजवून ठिवू. तुमाला दाखवू की बघा, काय न्हाई होत.

एकीवर करून बघावं आन् मग दुसरीवर, येवढी अक्कल शेळीला बी आसती. मी अकरांना एकदम लावलं.

सगळ्या बंद होऊन चालू झाल्या. पांढरी अक्षरं सरासरा पळाली. आन् मग काळं. एक न्हाई, दोन न्हाई, शेवटपर्यंत रांगेनं काळं. निस्ती एक छोटी चौकट ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर डोकं आपटत फिरायली, 'आउट ऑफ रेंज'. अकरा पडद्यांवर अकरा चौकटी. मी बघत उभा ऱ्हायलो, जत्रेत हरवल्यागत.

तितक्यात काकूंच्या मोबाईलवरून तुमचा फोन. "नाम्या, म्हाताऱ्या कशा हायेत?"

मी काय केलं? तुमचा आवाज काढला. "घाबरू नगं. ठणठणीत हायेत."

तुमी हसलात. हसता हसता खोकला आला. मग म्हणलात, "बरं. येतो मी."

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला आन् तुमी आलात, पण अँब्युलन्समधी. 'येतो मी' म्हणलेल्या माणसाला आता जाब कुठं इचारायचा, अप्पा? लिंगायतांच्या रितीनं तुमाला मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली. खुर्चीत बसायचे तसेच ताठ दिसायलात. मी माती दिली. सगळे शिव शिव म्हणायलते आन् माझ्या तोंडात दुसरंच होतं, 'अप्पा, काळ्या पडल्यात हो. अकराच्या अकरा.' ते बाहेर आलंच न्हाई. मूठ उघडली, माती पडली, मी मागं सरकलो.

तुमचा ल्योक महेशदादा पुण्याहून आला. माणूस वाईट न्हाई, निस्ता घाईत आसतो. चपला काढून खोलीत आला, चौफेर बघितलं आन् म्हणला, "आईला मी घेऊन जातो. हिला इथं एकटीला ठिवून काय करू? खोली रिकामी करू."

मी म्हणलो, "दादा, क्लास मी चालवतो की. पोरींच्या परीक्षा तोंडावर हायेत. काकूंनाबी सोबत होईल."

दादानं एक नंबरचं बटन दाबलं. अक्षरं पळाली, काळं. दोन नंबर. काळं. तीन, चार. मग माझ्याकडं वळून म्हणला, "काय चालवतोस बे? अंधार?"

मग दादाच म्हणला,

"ऐतवारी अप्पांच्या नावानं शिवगणाराधनेचं जेवण हाय. सोमवारी आमी निघणार. भंगारवाल्याला टेम्पो घेऊन यायला सांगितलंय. तवर चालू करून दाखव, मग आईचं आन् तुझं काय ते बघू."

काकू पडद्यामागं होत्या. दादा गेल्यावर मला हळूच म्हणल्या, "पुण्यात चौथ्या मजल्यावर मी काय करू रे नाम्या? गॅलरीत उभी ऱ्हाऊन खालची डोस्की मोजू?" म्हणजे बघा, टेम्पो डब्यांसाठी येणार होता, पण त्यात बारावी म्हातारीबी जाणार होती. आन् ती मी घालवली होती, एका लाल टिकलीपायी.

मग सुरू झाली फजिती. मोबाईलवर शोधलं. एका बाबानं व्हिडिओत पाच मिनिटं स्वतःचीच आरती केली आन् शेवटी म्हणला, नवीन कॉम्प्युटर घ्या. एके ठिकाणी एकानं अगदी आपलाच प्रश्न इचारलता. तसाच जुना मॉनिटर, तसाच काळा पडदा. मला घाम फुटला आनंदानं. चार जणांनी त्याला शहाणपण शिकवलं आन् शेवटी तो स्वतःच लिहितोय, 'सुटला प्रश्न, आभारी हाय.' कसा सुटला? ते न्हाई! तुमचाच चुलतभाऊ आसंल कुणीतरी. मॉनिटरच्या पाठीवर कागद आसतो म्हणे, त्यावर त्याचे आकडे आसतात. आपल्या मॉनिटरांच्या पाठीवरचे कागद कवाच गळून गेलेत, डिंक तेवढा हाय. दोन नंबरच्या वायरीची पिन वाकलेली दिसली, काकूंच्या केसाच्या आकड्यानं सरळ केली. फरक न्हाई. तीन नंबरवर कुणीतरी सांगितलेलं काहीतरी लिहिलं, तर काळ्याची पट्ट्यापट्ट्याची झाली. सतरंजी! त्यापेक्षा काळी बरी होती.

आन् एक सांगतो, तुमी गेल्यापासून मी खोलीत चपला घालूनच बसायलोय. मुद्दाम. सगळी माती आत आणलीय. वराडा ना. कोण वराडतंय बघू.

हितवरचं शुक्रवारी लिहिलं होतं, अप्पा, म्होरचं आता लिहितो. शनिवारी दुपारी महेशदादा बाजारात गेलता, आराधनेचं सामान आणायला. काकू आत तांदूळ निवडत होत्या. मी एक नंबरपुढं, डोस्कं दोन्ही हातांत धरून. बाजूला तुमची खुर्ची. आन् माझी सटकली. मी त्या खुर्चीवरच भडकलो. "सरक म्हणे सरक! बघ आन् भर म्हणे! काय बघू? काय बघितलं मी?"

तवा लख्ख कळलं, अप्पा, माझी चूक काय होती ते. तुमी मशीन दुरुस्त करायचे तवा मी कवाच स्क्रीनकडं बघितलं न्हाई. मी तुमच्या तोंडाकडं बघायचो. भुवई कवा चढती, ओठ कसा मुडपतो, चष्मा कुठल्या बोटानं सरकतो. नकलाकाराची नजर ती, दुसरीकडं जातच न्हाई. येवढ्या वर्षांत मी लिनक्स शिकलो न्हाई. मी तुमाला पाठ केलं.

मी उठलो आन् तुमच्या खुर्चीत बसलो. तुमाला चिडवायलाच बसलो, खोटं कशाला सांगू. चष्मा नव्हता, तरी दोन बोटं कपाळावर नेली. खाकरलो.

"घाबरू नगं. काळा पडदा म्हंजे मेली न्हाई, रुसलीय. आधी जीव बघ. नमलॉक दाब. दिवा लागला का?"

माझंच बोट गेलं. दिवा लागला.

"मग आत जागी हाय ती, निस्तं तोंड दाखवंना. बंद कर. आता चालू करताना शिफ्ट धरून ठिव, सोडू नगं, जत्रेत लेकराचा हात धरल्यागत."

म्हातारीला कसं उठवायचं ते निवडायची यादी आली, अप्पा. दोन दिवस कुणाच्या बापाला न सापडलेली यादी.

"ई दाब. ती लांबडी ओळ दिसती का? तिच्या शेपटाला नोमोडसेट बांध. सगळा एकच शब्द. म्हंजे मग ती मनानं पडदा निवडत बसणार न्हाई."

तोंड तुमचं चाललं होतं, हात माझे. मला मधी बोलायची भीती वाटायली. स्वतःच्या आवाजात एक शब्द काढला तर धागा तुटंल आसं वाटायलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन थांबली, नाव इचारायली. नाव दिलं.

"कावून रुसली ठाऊक हाय का? म्हातारी मॉनिटरला इचारती, बाबा रे, तुला किती झेपतंय? नवा मॉनिटर पटकन सांगतोय. आपला बहिरा. त्याला ऐकूच येत न्हाई. मग ती मनानंच ठरवती आन् त्याच्या डोक्यावर डोंगर ठिवती. तो म्हणतोय, झेपंना. मग आपुन काय करायचं? त्याच्या वतीनं आपुन लिहून द्यायचं."

कुठं लिहायचं, ती फाईल तुमच्या ओठांतून आली, ईटीसी, एक्स इलेव्हन, सगळं तुमच्या त्या गावठी इंग्रजीत. आन् मग आकडे आले. नाकातून, मान डोलवत, खंडेनवमीला म्हणलो होतो तसेच, "आडवं तीस ते साठ. उभं पन्नास ते पंच्याहत्तर. एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट. त्याच्या म्होरं एक घास न्हाई."

ज्याच्यावर पोरी लोळल्या होत्या, तेच मी एकेक आकडा करून लिहीत होतो आन् माझ्या डोळ्यांतून पाणी कीबोर्डवर पडायलतं. वही मागत होतो मी तुमाला. वही माझ्याच घशात होती.

मशीन बंद करून चालू केली. अक्षरं पळाली. काळं. मी खाली मान घातली. पंखा घुरघुरला, आन् कीबोर्डवर उजेड पडला. वर बघितलं तर तुमी काढलेला किल्ल्याचा फोटो. तिरका. किती डाव म्हणलो तुमाला, सरळ करून देतो. "किल्ला पडायचा न्हाई, ऱ्हाऊ दे," म्हणायचे.

आन् मला भानच ऱ्हायलं न्हाई, अप्पा. नक्कल आंगात होती, ती तशीच पुढं गेली. मान वळवली आन् दाराच्या पडद्याकडं बघून तुमच्या आवाजात वराडलो,

"अगं, च्या टाक! उजाडलं!"

आतून भांड्याचा आवाज आला. पाणी ओतल्याचा. लायटर दोन डाव टकटकलं. डब्याचं झाकण उघडलं.

मग काहीच न्हाई.

मला कळलं मी काय केलं ते. पडदा सरकला. काकू दारात उभ्या. हातात साखरेचा डबा, चमचा तसाच भरलेला.

"मुडद्या," त्या म्हणल्या. आवाज बारीक. "आधण ठिवलं ना मी. दोन चमचे टाकले. डॉक्टरनं साखर बंद केलती त्यांची, तरी हात गेला. तिसरा टाकताना ध्यानात आलं." आन् मग आवाज चढला. "लाज हाय का न्हाई तुला? घरात अजून दिवा जळायलाय त्यांच्या नावाचा, आन् तू इथं तमाशा लावलास?"

"काकू, चुकलं. पाया पडतो. मशीन चालू झाली म्हणून तोंडातून गेलं..."

"चालू झाली म्हणं! पाडली कुणी बंद?"

मी म्हणलो, "कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणी म्हंजे? त्यांनी. तुझा फोन ठिवला आन् हसत बसले खाटेवर. म्हणले, नाम्यानं सगळ्या म्हाताऱ्यांना अपडेट मारलंय. मी म्हणलं, कशावरून? ते तर ठणठणीत म्हणायलंय. तर म्हणले, खरं आसलं की ते पोरगं स्वतःच्या आवाजात बोलतंय."

मी इचारलं, "मग मला रागावले कावून न्हाईत?"

"रागावणारच होते की! घरी येऊन. दोन दिस त्या खाटेवर घोकत होते, आसं झापतो, तसं झापतो. पाठ झालंय मला. ऐकायचंय?"

"ऐकवा," मी म्हणलो.

काकूंनी साखरेचा डबा सात नंबरच्या डोक्यावर ठिवला. पदर खोचला. मान ताठ केली, दोन बोटं कपाळावर नेली. आन् खाकरल्या. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग मधीच थांबून, घशात खडा आडकल्यागत. इतकी वर्षं माझं नेमकं काय चुकत होतं, ते तवा कळलं.

मग तुमी बोललात.

"गाढवा. जे चालतंय त्याला हात लावू नगं म्हणलो होतो. लावलास. बरं. लावायचा तर एकीला लावावा, अकरांना एकदम लावून तुला कुठली जत्रा गाठायची होती? आन् वर खोटं बोलतोस, ते बी माझ्या आवाजात? तुझ्या आवाजात किती बोलायचं तेवढं बोल. माझ्या आवाजात खोटं बोलायचं न्हाई. बंद पडलं तर पडलं म्हणायचं, मी काय खायलो होतो का तुला? रडतोस काय? आन् माझ्या तोंडाकडं काय बघायलास? स्क्रीनकडं बघ. दहा राहिल्यात अजून. बस खाली. थांब, आधी त्या चपला बाहेर काढून ये."